मदत हवी आहे: जिताडा ल्यूरवर येतो, पण गळ लागत नाही

ओहोटी लागली की कांदळवनातले ओहोळ जिथे खाडीत उतरतात, त्या तोंडाशी मी काठावरून ल्यूर (माशासारखं दिसणारं कृत्रिम आमिष) टाकतो. मासा तिथे नक्की आहे. ल्यूरमागे पाणी फुगतं, ‘भप्प’ असा दणदणीत आवाज येतो, दोरीला जेमतेम धक्का जाणवतो आणि मग काहीच नाही.

सामान: ७ फुटी मीडियम-हेवी रॉड, ४००० साइझचं रील, ३० पाउंडाची ब्रेड (विणलेली दोरी), ४० पाउंडाचा मोनो लीडर (दोरी आणि ल्यूरच्या मधला एकपदरी नायलॉनचा तुकडा). ल्यूर १२ सेंमीचा, तरंगणारा, साधारण दीड मीटर खोल जाणारा.

गळ नवे, धारदार लावून झाले. वेग कमी केला, मध्ये थांबे दिले. धक्का बसल्यावर लगेच झटका न मारता क्षणभर थांबूनही पाहिलं. सॉफ्ट प्लास्टिकवरही (मऊ, लवचिक ल्यूर) तीच गत. लीडर बारीक करणं मात्र नको. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कडा पात्यासारखी असते, मासा लागला तरी तुटून जाईल. होडी नाही आणि जिवंत आमिष वापरायचं नाही.

जिताडा भक्ष्य चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. ब्रेड तर जवळजवळ ताणली जातच नाही, त्यामुळे घट्ट दोरीवरचा ल्यूर त्याच्या तोंडात पुरता जातच नसावा असा माझा दाट संशय आहे.

तसं असेल तर थांब्याच्या वेळी दोरी नेमकी किती ढिली सोडता? की तरंगणाऱ्याऐवजी पाण्यात जागच्या जागी थांबणारा सस्पेंडिंग ल्यूर घेऊ?