‘फ्री तिबेट’ला मराठीत काय म्हणायचं?

टेकडीवाला: 10 मार्चला (1959 च्या ल्हासातल्या उठावाचा दिवस) आम्ही काही जण पुण्यात फलक घेऊन उभे राहणार आहोत, फलक मराठीत हवेत असं ठरलंय. एका मित्राने ‘तिबेट मुक्त करा’ असं रंगवून पण टाकलं आणि मला ते वाचताना कसंतरीच होतंय. ‘स्वतंत्र तिबेट’ की ‘तिबेट मुक्ती’? सुचवा.

पाटीपेन्सिल: ‘मुक्त’ जरा जपून वापरा राव. अक्षरं जवळ आली की ‘तिबेटमुक्त’ होतं आणि ते डायरेक्ट प्लास्टिकमुक्त, हागणदारीमुक्तच्या पंगतीत जाऊन बसतं. बीजिंगवाले खूश होतील.

शेवंता: पण ‘मुक्ती’ला काय झालं? गोवा मुक्ती, मराठवाडा मुक्तिसंग्राम... आपल्याकडे लोकांना लगेच कळतं.

चहाटळ: मुक्ती चीननेच आधी पळवलीये ना. 1951 च्या सतरा कलमी कराराच्या नावातच ‘तिबेटची शांततामय मुक्ती’ आहे, आणि त्याआधी 1950 च्या ऑक्टोबरात यांचं सैन्य पूर्व तिबेटातल्या चामदोत घुसलेलं, आता यात शांतता कुठली ते तुम्हीच शोधा. 2009 पासून 28 मार्चला भूदासांच्या (जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या लोकांच्या) मुक्तीचा दिवस पण साजरा करतात.
तिबेटी लोकांकडे यासाठी तीन वेगळे शब्द आहेत. रांगझेन, रांगवांग, रांगक्योंग. ‘रांग’ म्हणजे स्व. रांगझेन म्हणजे आपला देश आपल्या हातात, मोर्चात घोषणा ऐकू येते ती याची, मला तो ‘स्वराज्य’च्या जवळचा वाटतो. रांगवांग हे माणसाचं स्वातंत्र्य, बोलायचं, पूजाअर्चेचं वगैरे. आणि रांगक्योंग म्हणजे स्वायत्तता, गंमत म्हणजे चीनच्या ‘तिबेट स्वायत्त प्रदेशा’च्या तिबेटी नावात हाच शब्द बसवलाय, त्यामुळे तो ऐकला की अनेकांचं तोंड कडू होतं. दलाई लामांनी 1988 मध्ये स्ट्रासबर्गला जे मांडलं तो मध्यम मार्ग, उमेलाम, म्हणजे चीनमध्येच राहून खरीखुरी स्वायत्तता. तिबेटन यूथ काँग्रेसची पोरं मात्र रांगझेनवरच अडून आहेत.

शेवंता: अरे बापरे, म्हणजे ‘स्वतंत्र तिबेट’ लिहिलं की एका गटाची बाजू घेतल्यासारखं होणार आणि ‘स्वायत्त तिबेट’ लिहिलं तर मोर्चात कोणी ओरडणार पण नाही.

पाटीपेन्सिल: म्हणून माझं मत ‘तिबेटी जनतेला स्वातंत्र्य!’ देशाचं का माणसांचं, ते ज्याने त्याने घ्यावं, आपल्या ‘स्वातंत्र्य’ शब्दात दोन्ही मावतं. आणि खाली ‘मानवी हक्क’ लिहा, ‘मानवाधिकार’ नको, तो हिंदीतून आलाय, आपल्या राज्याच्या आयोगाचं नाव पण मानवी हक्क आयोगच आहे.

चहाटळ: +1. अजून एक, पंचेन लामांच्या (दलाई लामांनंतरचे सर्वांत मोठे तिबेटी धर्मगुरू) फलकावर ‘बेपत्ता’ लिहू नका. दलाई लामांनी पंचेन लामा म्हणून निवडलेलं सहा वर्षांचं पोर चीनने 1995 च्या मे महिन्यात घरच्यांसकट उचललं, बेपत्ता काय, जत्रेत हरवलाय का तो? सरळ विचारा, ‘गेधुन चोएक्यी न्यिमा कुठे आहे?’

टेकडीवाला: बेस्ट. पण नाव लांब आहे, आमचं कापड चार फुटीच, दोन ओळींत बसवतो. रंगवलेल्या फलकाची मागची बाजू कोरी आहे, तीच वापरू.