जेलीफिन: वेब क्लायंट वेगळा होस्ट केलाय, पान उघडतं पण सर्व्हर जोडला जात नाही

प्रश्न : सह्यवाटा

नमस्कार मंडळी. घरी आणि गावी असे दोन जेलीफिन सर्व्हर (स्वतःच्या मशीनवरचे व्हिडिओ नेटवर्कवरून पाहू देणारं सॉफ्टवेअर) आहेत. दोन्हींच्या लायब्ररी एकाच पत्त्यावरून उघडायच्या आहेत. मांडणी अशी:

घरी इंटेल एन१०० चा मिनी पीसी, ८ जीबी रॅम, डेबियन १२, डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारी सोय) जेलीफिनची अधिकृत इमेज, आवृत्ती १०.१०, पोर्ट ८०९६. गावी रास्पबेरी पाय ४, तिथेही तीच इमेज. पुन्हा सगळं सेटअप करायला नको म्हणून घरचं कॉन्फिग फोल्डर जसंच्या तसं तिथे नेऊन ठेवलं आणि फक्त लायब्ररीचे पाथ बदलले. वेब क्लायंट (जेलीफिनचं ब्राउझरमधलं पान) भाड्याच्या व्हीपीएसवर (इंटरनेटवरच्या आभासी मशीनवर) एनजिनएक्स या वेब सर्व्हरने सर्व्ह होतो, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट आहे. तिन्ही मशीन आणि माझा लॅपटॉप टेलस्केल या खाजगी नेटवर्कवर (व्हीपीएन) आहेत.

पान व्यवस्थित उघडतं. पण सर्व्हर म्हणून घरच्या मशीनचा टेलस्केल आयपी आणि ८०९६ दिला की जोडणी होत नाही. व्हीपीएसवर एसएसएच करून तोच पत्ता कर्ल केला (कमांडने विनंती पाठवली) तर मात्र लगेच उत्तर येतं. व्हीपीएसच्या एनजिनएक्समध्ये सीओआरएसचे (एका साइटच्या पानाला दुसऱ्या सर्व्हरशी बोलायची परवानगी देणारे) हेडर घालून पाहिले, काही फरक नाही.

दुसरी अडचण मराठी सबटायटल्सची. एरवी नीट दिसतात, पण ‘सबटायटल्स बर्न करा’ हे सेटिंग ‘सगळी’ केलं की अक्षरांच्या जागी चौकोन येतात.

उत्तर : तारयंत्र

व्हीपीएसवरून कर्ल चालतो, यावरून इथे काहीच ठरत नाही. व्हीपीएस तुमच्या ब्राउझरला फक्त एचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि चित्रं देतो. तिथे त्याचं काम संपलं. पुढची प्रत्येक विनंती, म्हणजे लॉगिन, पोस्टर, व्हिडिओ, सगळं लॅपटॉपमधला ब्राउझर थेट जेलीफिनकडे करतो. त्यामुळे तपासणी ब्राउझरमध्येच करायला हवी.

एफ१२ दाबा, कन्सोल उघडा आणि पुन्हा सर्व्हर जोडून बघा. ‘मिक्स्ड कंटेंट’ची लाल ओळ दिसेल. पान एचटीटीपीएसवर आहे आणि ते साध्या एचटीटीपीवरच्या ८०९६ शी बोलू पाहतंय. ब्राउझर ती विनंती बाहेर जाऊच देत नाही. नव्या क्रोममध्ये स्थानिक नेटवर्कसाठी परवानगी विचारणारी चौकट येऊ शकते, पण तिच्या भरवशावर राहू नका. फायरफॉक्स आणि सफारीचं वागणं वेगळं असतं.

सीओआरएसचे हेडर व्हीपीएसवर घालून उपयोग नाही, कारण अडलेलं उत्तर व्हीपीएस देतच नाही. ते काढून टाका. जेलीफिन स्वतःच ते हेडर पाठवतो आणि मुळात सगळ्या ओरिजिनना (कुठल्याही साइटच्या पानाला) परवानगी देतो. पुढे कधी जेलीफिनसमोर प्रॉक्सी (मधला सर्व्हर) लावली तर तिथेही ते घालू नका. एकच हेडर दोनदा गेलं की ब्राउझर उत्तर नाकारतो, आणि कन्सोलमधला संदेश असा असतो की माणूस आणखी हेडर घालत बसतो.

उपाय एकच: दोन्ही जेलीफिनना खरं एचटीटीपीएस द्या. टेलस्केल आहेच, तर सोपं आहे. ॲडमिन पानावर डीएनएस विभागात मॅजिकडीएनएस (मशीनना नावाने पत्ता देणारी सोय) आणि एचटीटीपीएस सर्टिफिकेट्स चालू करा. मग दोन्ही मशीनवर ‘टेलस्केल सर्व्ह’ ही कमांड, तिला दोन डॅश लावून ‘बीजी’ हा पर्याय आणि शेवटी ८०९६. मशीनच्या नावाने सुरू होणारा आणि ‘टीएस डॉट नेट’ने संपणारा पत्ता मिळेल, क्लायंटमध्ये तोच द्यायचा, पोर्ट न लिहिता. वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी जोडणी) यातून आपोआप जातं. डॉकरमध्ये ८०९६ होस्टवर पब्लिश केलेलं असावं, १२७.०.०.१ पुरतं केलं तरी चालेल.

एक जपा: सर्टिफिकेट निघालं की मशीनचं नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं. नावात आडनाव किंवा गावाचं नाव असेल तर आधी बदला.

आणि खरं सांगायचं तर या मांडणीत व्हीपीएस लागतच नाही. पाहणारं प्रत्येक उपकरण टेलस्केलवर असणारच आहे. क्लायंटच्या फायली मिनी पीसीवरच ठेवा.

उत्तर : दुपारचा चहा

वरच्या उत्तराशी सहमत. क्लायंटबद्दल थोडी भर घालतो.

क्लायंट एनपीएमने बिल्ड करत बसू नका. सर्व्हरच्या अधिकृत इमेजमध्ये तो तयारच असतो, ‘/जेलीफिन/जेलीफिन-वेब’ या फोल्डरमध्ये. ‘डॉकर सीपी’ने ते फोल्डर बाहेर काढा आणि एनजिनएक्सच्या रूटमध्ये ठेवा. असं केलं की क्लायंट आणि सर्व्हरची आवृत्ती आपसूक जुळते. दोन सर्व्हर असतील तर दोन्ही एकाच आवृत्तीवर ठेवा आणि अपडेटही एकाच दिवशी करा. १०.११ मध्ये डेटाबेसची रचना बदलली आहे. तिकडे जाण्याआधी कंटेनर थांबवून कॉन्फिग फोल्डरची प्रत काढाच, आणि मोठ्या लायब्ररीचं स्थलांतर मध्येच तोडू नका.

त्या फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग डॉट जेसन’मध्ये ‘मल्टिसर्व्हर’ची किंमत ट्रू करा. ‘सर्व्हर्स’च्या चौकोनी कंसात दोन्ही पत्ते अवतरणात, एचटीटीपीएससकट, शेवटी तिरकी रेघ न देता लिहा. शेवटच्या पत्त्यानंतर स्वल्पविराम राहिला तर जेसन मोडतं.

बदल करूनही जुनंच दिसत असेल तर ते कॅशमुळे. एनजिनएक्समध्ये ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ आणि ‘कॉन्फिग डॉट जेसन’ या दोन फायलींना ‘नो-कॅश’ द्या. नाहीतर सर्व्हर अपडेट झाल्यावर ब्राउझर जुना इंडेक्स उघडतो, त्यात उल्लेखलेली जावास्क्रिप्ट फाइल डिस्कवर उरलेली नसते आणि पांढरं पान दिसतं.

सर्व्हरमधला मूळ वेब क्लायंट बंद करू नका. वेगळा क्लायंट बिघडला तर थेट ८०९६ वर जाऊन डॅशबोर्ड उघडता येतो.

उत्तर : शिरोरेखा

सबटायटल्सचं बघू. बर्न करताना अक्षरं व्हिडिओवर काढण्याचं काम ब्राउझर करत नाही, कंटेनरमधला एफएफएमपेग हा व्हिडिओ प्रोग्रॅम करतो. कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही, म्हणून चौकोन. लॅपटॉपवर कितीही फॉन्ट टाकले तरी उपयोग नाही.

नोटो सान्स देवनागरीची टीटीएफ फाइल होस्टवर एका फोल्डरमध्ये ठेवा. ते फोल्डर कंटेनरमध्ये ‘/यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स/कस्टम’ या जागी रीड-ओन्ली बाइंड करा (जोडा) आणि कंटेनर नव्याने उभा करा. नुसता रीस्टार्ट पुरत नाही, कारण बाइंड कंटेनर बनतानाच लागतं. तपासायला ‘भक्ती’, ‘कृष्ण’, ‘दुसऱ्या’ हे शब्द असलेली ओळ बघा; जोडाक्षरं आणि ‘ऱ्या’ नीट आले तर सगळं आलं.

एएसएस प्रकारची (रंग-मांडणीसह येणारी) सबटायटल्स ब्राउझरमध्ये काढली जातात तेव्हा दुसरी सोय लागते: डॅशबोर्डच्या प्लेबॅक विभागात फॉलबॅक फॉन्ट चालू करून फोल्डर द्या. त्यात एक-दोनच फॉन्ट ठेवा. एकूण आकार २० एमबीच्या वर गेला की पुढचे फॉन्ट पाठवलेच जात नाहीत.

तरीही ‘सगळी’ हे सेटिंग काढून ‘ऑटो’ करा, विशेषतः पायसाठी. एक ओळ बर्न करायची तरी अख्खा व्हिडिओ पुन्हा एन्कोड होतो. एन१०० ते क्विक सिंकवर (इंटेलच्या चिपमधल्या व्हिडिओ एन्कोडरवर) सहज पेलतो, पण त्यासाठी ग्राफिक्सचं उपकरण कंटेनरला दिलेलं हवं. पाय ४ कडून ती अपेक्षा ठेवू नका. गावच्या सर्व्हरवर शक्य तितक्या फायली एच.२६४, ८ बिट, एएसी ऑडिओ अशाच ठेवा. ऑडिओ डीटीएस असेल तर व्हिडिओ तसाच कॉपी करून फक्त ऑडिओ एएसीत बदला. काही मिनिटांचं काम आहे.

फाइल यूटीएफ-८ मध्येच हवी. नाव व्हिडिओचंच, एसआरटीच्या आधी ‘एमआर’ हा भाषेचा संकेत. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीतला मजकूर असेल तर एन्कोडिंग बदलून काही होत नाही; आधी फॉन्ट कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये आणावा लागतो.

सह्यवाटा

मनापासून आभार. सर्व्ह चालू करताच घरचा सर्व्हर जोडला गेला, चौकोनही गेले. व्हीपीएस बंद करतोय. पण गावचा जोडला की यादीतून घरचा नाहीसा होतो. घरचा पुन्हा जोडला की गावचा जातो. दोन्ही एकत्र दिसतच नाहीत.

उत्तर : तारयंत्र

कॉन्फिग फोल्डर कॉपी केलंत ना, त्याचाच हा परिणाम. सर्व्हरची ओळख त्या फोल्डरमध्येच असते, ‘डेटा’ फोल्डरातल्या ‘डिव्हाइस डॉट टीएक्सटी’ या छोट्या फाइलीत. दोघांची ओळख एकच असल्याने क्लायंटला तो एकच सर्व्हर वाटतो आणि तो फक्त पत्ता बदलत राहतो.

पायवरचा कंटेनर थांबवा, ती फाइल दुसरीकडे हलवा, कंटेनर सुरू करा. नवी ओळख तयार होईल. डॅशबोर्डमध्ये गावच्या सर्व्हरचं नावही बदला, नाहीतर यादीत दोन सारखी नावं दिसतील. गावच्या टीव्हीवर आणि फोनवर सर्व्हर एकदा काढून पुन्हा जोडावा लागेल. ब्राउझरमध्ये मात्र आधी त्या पानाचा साइट डेटा पुसा, मगच लॉगिन करा. जुनी ओळख तिथे साठलेली असते.