तक्रार तिनं करायची आणि बॅचही तिनंच बदलायची?

निशिगंध:
तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात शिकवते, तीन वर्षं तिथल्या अंतर्गत तक्रार समितीवर (लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी समिती) आहे. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं प्रॅक्टिकलच्या बॅचमधल्या मुलाविरुद्ध अर्ज दिला. (तपशील बदललेत, लैंगिक छळविरोधी कायद्याचं गोपनीयतेचं कलम 16 कुणी दाखवू नका.) त्याच दुपारी ठरलं, तिची बॅच बदला. मैत्रिणी सुटल्या, अर्धं तपासून झालेलं जर्नल नव्या सरांपुढे पहिल्यापासून. बॅचची नवी यादी नोटीस बोर्डावर लागली आणि अर्ज कुणाचा ते सगळ्या वर्गाला कळलं. तो आपल्या टेबलाशी उभा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2015 च्या नियमावलीप्रमाणे चौकशी चालू असताना तक्रारदाराला किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला हलवता येतं. आमच्याकडे त्यातलं 'किंवा' कुणी वाचतच नाही. ती स्वतः मागत नसेल तर हलवायचं त्याला. आणि असे प्रकार होऊ नयेत म्हणून सीसीटीव्ही आणि मुलींच्या हॉस्टेलला साडेसातला कुलूप, याला मी प्रतिबंध म्हणत नाही.

हॉस्टेलवालीचा बाबा:
ताई, तत्त्व पटलं. पण माझी मुलगी असती तर मीच म्हटलं असतं, बॅच बदल आणि पेपर दे. समितीला चौकशीसाठी 90 दिवस असतात ना? तेवढे दिवस त्याचं तोंड बघायचं? आणि कुलपाला हसू नका. रात्री दहाला तिचा फोन लागला नाही की काय होतं ते आम्हाला विचारा.

निशिगंध:
दादा, त्याला हलवलं तरीही तोंड बघावं लागत नाहीच की. आणि हा प्रकार दुपारी दोनला, लॅबमध्ये घडला.

वकिली खाक्या:
आरोप म्हणजे दोष नव्हे. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयानं 12 मे 2023 ला रद्द केली. का? समितीनं घाई केली, त्याला बाजू मांडायला पुरेसा अवधी दिला नाही. उद्या तुम्ही मुलाला हलवाल, चौकशीत काही निघालं नाही तर त्याचं वर्ष कोण भरून देणार?

निशिगंध:
विद्यार्थिनींच्या तक्रारी 2009 च्या. समितीच्या घाईमुळे 14 वर्षांनी प्रकरण पुन्हा समितीकडे. मुलींना न्याय द्यायच्या धडपडीत त्यांचंच नुकसान झालं, असं न्यायालयानंही म्हटलंय. तेव्हा चौकशी नीट हवी, यावर आपलं भांडण नाहीच. पण बॅच बदलणं ही शिक्षा नाही असं तिला सांगताना तुम्हाला जड जात नाही, मग त्याच्या बाबतीत ती शिक्षा कशी होते?

वकिली खाक्या:
मुद्दा बरोबर आहे. तरी सरसकट 'त्यालाच' नको, प्रकरण बघून ठरवा.

सडेतोड:
समिती म्हणजे कॉलेजची अब्रू झाकायचं पांघरूण. सरळ पोलिसांत जा.

निशिगंध:
दोन्ही करता येतं. तिला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं हे कॉलेजचं काम आहे. बलात्कार असेल तर आधी दवाखाना. सरकारी असो की खाजगी, उपचार फुकट आणि ताबडतोब द्यावे लागतात, एफआयआरची वाट बघत बसायचं नाही. पण टोमणे, पाठलाग, अंगचटीला येणं यासाठी बऱ्याच मुलींना ठाण्याची पायरी चढायची नसते. त्यांना उद्याच्या लेक्चरला बसायचं असतं.

टीवायवाली:
आणि समोर सर असले तर? इंटर्नल त्यांच्या हातात, प्रोजेक्टवर सही त्यांची. जुलै 2025 मध्ये ओडिशात बालासोरच्या मुलीनं विभागप्रमुखाविरुद्धच तक्रार केली होती. समितीही होती. तिचा जीव गेला. आमच्या कॉलेजात समितीचा फलक प्राचार्यांच्या केबिनच्या आत आहे.

निशिगंध:
अशा वेळी त्या सरांना तिचे गुण देण्यापासून दूर ठेवता येतं, तशी तरतूद आहे. लेखी मागायचं, पोच घ्यायची. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात समितीवर तीन विद्यार्थी हवेत, तेही निवडून आलेले. तुमचे कोण आहेत?

टीवायवाली:
एक जीएस (विद्यार्थ्यांचा जनरल सेक्रेटरी), जो सरांच्या गाडीतून येतो. बाकी दोघं माहीत नाहीत.

हॉस्टेलवालीचा बाबा:
ताई, त्या तुमच्या मुलीचं पुढे काय झालं?

निशिगंध:
अहवाल यायला साडेचार महिने लागले. तक्रार खरी ठरली. तोवर सेमिस्टर संपलं होतं आणि ती बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरून गेली होती. बोर्डावरची यादी मी जूनमध्ये काढली.