व्हीटीसमोरची पालिकेची बिल्डिंग : गॉथिक म्हणायची की मुघल?

सोनचाफा_७:
काल संध्याकाळी सीएसएमटीसमोरच्या सेल्फी पॉइंटवर उभी होते, सगळे स्टेशनचे फोटो काढत होते आणि मी मान वळवून पालिकेकडे बघत बसले. खाली टोकदार कमानी म्हणजे चर्चसारखं, आणि वर घुमट बघावा तर थेट विजापूरची आठवण. हे नक्की कुठल्या शैलीत बसतं? आणि दोन्ही बिल्डिंगी एकाच माणसाच्या का?

गिरगावचा_बाळ्या:
हो, दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या ब्रिटिश आर्किटेक्टच्याच. पालिकेची पायाभरणी व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या हस्ते १८८४ ला झाली पण खरं काम सुरू झालं १८८९ ला, मधली वर्षं डिझाइन कुठलं घ्यायचं यातच गेली. (पालिका तेव्हापासून पालिकाच आहे 😄) मद्रासचं सिनेट हाउस बांधणारा चिझम पण शर्यतीत होता, त्याचा आराखडा पूर्ण इंडो-सारासेनिक, म्हणजे ब्रिटिशांनी मुघल-देशी घुमट, कमानी उचलून केलेली शैली. घेतलं शेवटी स्टीव्हन्सचं गॉथिक, पण त्याने डोक्यावर घुमट देशी चढवले, म्हणून तुला दोन्ही दिसतंय. शुद्ध कुठलीच शैली नाही, आणि माझ्या मते त्यामुळेच ती व्हीटीपेक्षा जास्त मुंबईची वाटते.

लोकल_प्रवासी:
जागेचा मुद्दा राहिला की. हॉर्नबी रोड (आताचा डीएन रोड) आणि क्रुकशँक रोड (आताचा महापालिका मार्ग) यांच्या बेचक्यातला तो प्लॉट, पाचरीसारखा निमुळता. सरळ लांबलचक दर्शनी भाग तिथे बसलाच नसता, मग स्टीव्हन्सने टोकालाच प्रवेशद्वार दिलं, त्यावर २५५ फुटी मनोरा उभा केला आणि दोन्ही बाजू रस्त्यांच्या कडेने मागे पसरवल्या. फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्यापाशी उभं राहून वर बघा, दर्शनी भागावर पंखवाली बाई आहे, ती म्हणजे 'अर्ब्ज प्रिमा इन इंडिस', हिंदुस्थानातलं पहिलं शहर. तेव्हा राजधानी असलेल्या कलकत्त्याला टोमणाच तो!

गिरगावचा_बाळ्या:
टोमणा 😂 पटलं. आणि जागेचं म्हणतोयस ते बरोबर, चौकोनी प्लॉट मिळाला असता तर तो मनोरा एवढा अंगावर आलाच नसता.

सोनचाफा_७:
भारीच. आतून बघायला मिळतं का पण? की दाखल्याचं काम काढूनच जायचं?

लोकल_प्रवासी:
२०२१ पासून शनिवार-रविवारी हेरिटेज वॉक सुरू केलेत, गाइड घेऊन फिरवतात. जायच्या आधी चालू आहे का बघून घे, आणि सभागृह दाखवणार का ते पण विचार.