पाळकांना सांगितलं ते आठ दिवसांत प्रार्थनेचा विषय झालं. आता समुपदेशनाला जाऊ का?

पराटीवाली

सर्वांना सलाम. लग्नाला बारा वर्षं झाली. वाशीम जिल्ह्यात खेड्यावर राहतो. पाच एकर आहे, सोयाबीन-तूर आणि बांधाकडून थोडी पराटी, म्हणजे कपाशी. आमचं भांडण होत नाही, हीच अडचण आहे. भांडायलाही दोघांनी बोलावं लागतं. दिवाळीपासून हे बोलतच नाहीत. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, आमचं ३,९०० नं गेलं, वरून ओलावा म्हणून कापलं ते वेगळं. त्या दिवशी मार्केटातून आले, दुपट्टा खुंटीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून निजले. तेव्हापासून "हो", "नाही", "ठेव तिथं", बस. नाताळाची चांदणीसुद्धा मीच शिडी लावून टांगली. लहानी विचारते, "बाबा माझ्यावर रुसले का?"

मीही काही गरीब गाय नाही. एका रात्री पिठल्याचं ताट आदळलं. भिंतीवर पिवळा डाग पडला. दोनदा पोचारा मारला तरी वर येतो.

शेवटी चर्चमधल्या गुरुवारच्या सभेनंतर थांबून पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मला रडू आलं, बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात महिला मंडळात विषय निघाला: "आपल्या एका बहिणीच्या घरी नवरा-बायकोत बोलणं बंद आहे, नाव घेत नाही, प्रार्थनेत आठवण ठेवा." आमच्या मंडळीत घरं अठरा. त्यातली आठ माझ्या सासरच्या भावकीची. नाव घ्यायची गरजच काय? संध्याकाळी माझी जाऊ, जी कधी मीठ उसनं देत नाही, वाटीभर जवसाची चटणी घेऊन आली आणि तासभर बसली. सासूबाई म्हणाल्या, घरातलं वेशीवर टांगलं.

आता तालुक्याला दुसऱ्या एका चर्चच्या मागच्या खोलीत एक जोडपं दर शनिवारी ख्रिस्ती समुपदेशन करतं असं कळलं. शिकलेले आहेत म्हणतात. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मी काय येडा आहो का?" चार महिन्यांतलं ते सगळ्यात मोठं वाक्य. मारत नाहीत, पीत नाहीत, हे आधीच सांगते. तिथंही "नवऱ्याच्या अधीन राहा" एवढंच ऐकायला मिळणार असेल तर बसभाडं कशाला घालवू? आणि तिथून परत गावात येणार नाही कशावरून?

जागता पहारेकरी

ताई, विश्वास कमी पडला की समुपदेशन लागतं. एकवीस दिवस उपास-प्रार्थना धरा. सैतान बोलती बंद करतो.

रिटायर सिस्टर

वरच्या भावांनो, मी मिशन दवाखान्यात एकतीस वर्षं ड्यूटी केली. रोज वॉर्डात प्रार्थना करूनच गोळ्यांचा ट्रे हातात घ्यायची. दोन्ही एकाच हातानं होतं.

बायबलात १ राजे १९ काढून बघा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, बस झालं, आता माझा जीव घे. देवदूतानं त्याला विश्वासावर भाषण दिलं का? झोपू दिलं. उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. आपल्याकडं गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजतात ना, तसंच समजा. देव बोलला तो त्याच्याही नंतर, आणि तोही हळू आवाजात. आणि तुम्ही त्या माणसाला उपाशी ठेवायला निघाले.

पराटीवाली, मला तुझ्या भांडणापेक्षा दुसरी काळजी आहे. झोप किती, पहाटे तीनला जाग येते का, जेवण घटलं का, शेतात जाऊन नुसते बसतात का, हे बघ. असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर तो रुसवा नाही, आजार असू शकतो. डॉक्टरला दाखव. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराचा विभाग असतो. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारासाठी फोनवर मदत मिळते त्याचा, नंबर आहे, फुकट, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. फोन तूही करू शकतेस, त्यांनीच केला पाहिजे असं नाही.

आणि सरळ विचार: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. फवारणीचं औषध घरात असेल तर आजच हलव. भावाकडं ठेव, कुलपात ठेव. माझ्या एकतीस वर्षांत त्या डब्यांनी काय केलं ते मी इथं लिहीत नाही.

कोरडवाहू

वैनी, मी तुमच्या मिस्टरांच्या जागेवर होतो म्हणून लिहून राह्यलो. २०१७, बोंडअळीचं साल. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. माहीही बोलती बंद झालती. घरच्या लोकायले वाटे मी रागावलो. राग नव्हता, तोंड उघडलं तर काय निघन याचं भेव होतं.

माही बायको आधी एकटी गेली, तीन खेपा. मले म्हणे, "तुमी नका येऊ, मी माह्यासाठी जाते." तिनं ताटं आदळनं बंद केलं तवा मले वाटलं, हे तिथं शिकवतेत तरी काय? म्हनून गेलो. पाह्याले गेलो म्हना.

मले वाटलं बायबल उघडतीन अन् धुतीन. त्या मानसानं पह्यले अर्धा घंटा कापसाचंच इचारलं. एकरी किती खर्च, किती निंघाला. मंग कागद दिला अन् म्हने, कोनाचं किती देनं हाय ते लिहा, बायकोले दाखवाचं की नाई ते मंग पाहू. सोसायटीचं, कृषी केंद्राचं उधार, अन् साळ्याकून घेतलेले बासष्ट हजार. ते बासष्ट हजार तिले ठाऊक नव्हते. तिच्याच भावाचे! सहा महिने मी त्या आकड्यावर बसून होतो, बोल्लो की तो निघते म्हनून बोलतच नव्हतो.

दुसऱ्या खेपेले दाखवला. तिनं कागद पाह्यला अन् म्हने, "एवढंच? मले वाटलं दुसरी बाई हाय." मी हासलो का रडलो, आठवत नाई.

मंग त्यायनं एक काम लावून देलं. रोज राती दहा मिन्टं. ज्याच्या हातात बॅटरी तो बोलन, दुसऱ्यानं मधात तोंड घालाचं नाई. आयकनाऱ्यानं आधी सांगाचं, "तू असं असं म्हनलं." बराबर असन तं मंग बॅटरी त्याच्या हाती. पह्यल्या राती मी बॅटरी घेऊन दहा मिन्टं नुसता बसलो. तेही चालते म्हने. स्तोत्र ८८ वाचाले लावलं. ते शेवटपर्यंत अंधारातच राह्यते, हालेलूया नाई काही नाई. मले लय बरं वाटलं, बायबलातबी कोनी असं बोल्लं हाय म्हनून.

एक सांगतो, बियाणं घ्याले चला म्हनून फसवून नेऊ नका. मानूस दारातूनच वापस फिरन.

एक पाळक

पराटीवाली ताई, तुमच्या पाळकांची चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे त्यांच्यावर दगड उचलत नाही. माझे वडील यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेत, शिकले, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली त्याच्याही आधी. ते म्हणायचे, आम्हाला बोलायला शिकवलं, गप्प बसायला नाही. "नाव घेत नाही" म्हटलं की गुपित राखलं असं आम्हाला खरंच वाटतं. अठरा घरांत नाव लपत नाही. तुम्ही त्यांना एकांतात सांगा की यामुळे मला त्रास झाला, हा विषय परत सभेत नको. ऐकतील असं मला वाटतं. नाही ऐकलं तर निदान पुढचं काय सांगायचं नाही ते तुम्हाला कळेल.

तालुक्याच्या जोडप्याला पहिल्या दिवशी, काहीही सांगायच्या आधी, विचारून घ्या: तुम्ही लिहून काय ठेवता, ती वही कोण बघतं, माझ्या पाळकांशी बोलणार का, शिक्षण काय? चांगला समुपदेशक या प्रश्नांनी चिडत नाही. जिवाला धोका असेल किंवा लेकराला कोणी इजा करत असेल तर मी गप्प राहणार नाही, हे तो स्वतःहून सांगतो. "सगळंच गुपित राहील" असं म्हणणाऱ्यापासून जरा जपून.

अधीन राहण्याचं म्हणाल तर इफिस ५:२२ सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीचं २१ वं वचन दोघांनी एकमेकांच्या अधीन असण्याचं आहे, आणि २५ वं नवऱ्यांना आहे, ख्रिस्तानं मंडळीवर केली तशी बायकोवर प्रीती करा, तेही बरंच जड. समुपदेशक एकच वचन वाचून थांबला तर चप्पल घाला आणि निघा. वाचणाऱ्या इतर बहिणींसाठी: घरात मारहाण असेल तर हा वचनाचा नाही, घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचा विषय आहे. महिला हेल्पलाइन १८१ लावा. क्षमा करणं म्हणजे परत मार खायला उभं राहणं नव्हे.

पराटीवाली

सगळ्यांचे आभार. कोरडवाहू भाऊ, "दुसरी बाई" वाचून मी चुलीपुढं एकटीच हसले, कारण ते माझ्याही मनात होतं.

सिस्टर, काल दुपारी औषधाचा डबा आणि अर्धी बाटली गोठ्याच्या माळ्यावरून काढून पोत्यात बांधत होते. हे दारात उभे. "काहून?" म्हणाले. दिवाळीपासून ह्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं. मी खरं सांगितलं, तुमचं भेव वाटते म्हणून. बराच वेळ उभे होते. मग पोतं माझ्या हातून घेतलं आणि स्वतःच सायकलला बांधून माझ्या भावाकडं ठेवून आले. येऊन जेवले, निजले. बोलले काही नाहीत.

शनिवारी जाते. सध्या एकटीच.