‘फॉलन रायडर’ला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा (पुणे)

नमस्कार मंडळी. एका शब्दापाशी आठ दिवस अडले आहे.

आमचा बारा-तेरा जणांचा मोटरसायकलवाल्यांचा ग्रुप आहे. दर जानेवारीत एका रविवारी सकाळी घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर थांबतो आणि पावलो गोन्साल्विसची आठवण काढतो. हिरो या मोटरसायकल कंपनीच्या रॅली संघाचा हा पोर्तुगीज रायडर १२ जानेवारी २०२० रोजी डाकर रॅलीत, म्हणजे वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, सौदी अरेबियात गेला. रियाध ते वादी अल-दवासिर हा सातवा टप्पा होता आणि त्यातला २७६ वा किलोमीटर. वय ४०. २०१३ चा क्रॉस-कंट्री रॅलीचा जगज्जेता, २०१५ च्या डाकरमध्ये दुसरा. आपल्या भारतीय रायडर सी. एस. संतोषचा संघसोबती म्हणून आम्हाला तो घरचाच वाटायचा. त्याच्यासाठी टपरीच्या भिंतीला एक फळा टेकवतो आणि खडूने चार ओळी लिहितो.

आजवर इंग्रजीत लिहायचो. गेल्या पावसाळ्यात आमच्यातलाच एक मुलगा गेला. यंदा त्याची आई येणार आहे आणि फळा तिला वाचता यायला हवा. इंग्रजीत ‘फॉलन रायडर’ लिहिलं की भागायचं. मराठीत ‘पडलेला स्वार’ लिहून पाहिलं आणि लगेच पुसलं. काय लिहू?

नाशिक

ताई, पुसलंत ते बरं केलं. गाडीवाल्यांच्या तोंडी ‘पडला’ म्हणजे उठला, गुडघा झटकला, वाकलेली क्लचची लिव्हर दगडाने सरळ केली आणि पुढे निघाला. ‘कुठे पडलास रे?’ हे आपण हसत विचारतो. जुन्या मराठीत ‘रणी पडला’ म्हणजे मेला, पण तिथे सगळं वजन ‘रणी’वर आहे. सुट्या ‘पडला’त मरण मावत नाही.

माझ्या मते ‘धारातीर्थी पडला’ चालेल. धारा म्हणजे तलवारीची धार, आणि ती धार हेच तीर्थ. शर्यतीत जीव गेला, म्हणजे आपल्या रणातच गेला ना?

सातारा

दादा, राग मानू नका, पण ‘धारातीर्थी’ नको आणि ‘वीरगती’ तर नकोच. धारातीर्थी पडणाऱ्यासमोर शत्रू असतो आणि मागे राखायचं काहीतरी असतं. वाळवंट कुणाचं शत्रू नाही, घाटही नाही. रस्त्यावरच्या मरणाला लढाईचे शब्द लावले की ऐकणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराला ते मरण हवंसं वाटायला लागतं. त्या आईपुढे तर हा शब्द मी उच्चारणार नाही. तिचा मुलगा लढायला गेला नव्हता, रविवारी फिरायला गेला होता.

‘कामी आला’ हाही त्याच घरातला शब्द. कुणाच्या कामी, हे सांगता आलं पाहिजे.

कोल्हापूर

‘स्वार’बद्दल थोडं. हा शब्द आपण वाया घालवला आहे. स्वत:चा घोडा आणि स्वत:ची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. इतका बारीक फरक करणारी आपली भाषा. आता ‘दुचाकीस्वार’ हा शब्द कुठे भेटतो ते आठवून पाहा. फक्त अपघाताच्या बातमीत. ‘भरधाव ट्रकच्या धडकेत दुचाकीस्वार ठार.’ लग्नाला, कामाला, लडाखला निघालेल्या कुणाला आपण दुचाकीस्वार म्हणत नाही. माणूस मेल्यावरच हा शब्द त्याला मिळतो. फळ्यावर हा शब्द येऊ देऊ नका.

मडगाव

आमच्याकडे रायडरला ‘पायलट’ म्हणतात. गोव्यात मोटरसायकलवर भाडं मारणारा तो पायलट, पिवळ्या मडगार्डवाला. पोर्तुगीजमध्येही शर्यतीत गाडी चालवणारा तो ‘पिलोतो’च. म्हणजे पावलोला त्याच्या गावचे लोक ज्या नात्याच्या शब्दाने ओळखायचे, तो आमच्या नाक्यावर रोज ऐकू येतो. पुण्यातल्या फळ्यावर ‘पायलट’ लिहिलंत तर लोक विमान समजतील हे कळतं. तरी सांगावंसं वाटलं. आणि आडनाव ‘गोन्साल्विस’ असंच राहू द्या. आमच्याकडे ती घरं आहेत आणि ती असंच लिहितात.

विचारणा (पुणे)

सगळ्यांचे आभार. साताऱ्याच्या दादांचं पटलं. आणखी एक विचारायचं राहिलं. आमच्या मुलाची गाडी त्याच्या वडिलांनी दुरुस्त करून घेतली आहे. त्या दिवशी ती सगळ्यांत पुढे असेल, छोट्या टेम्पोत उभी बांधलेली. उजव्या मुठीवर त्याचा हातमोजा चढवणार आहोत. तो माझ्याकडेच आहे. तळव्याला, मूठ पिळायच्या जागी, कातडं झिजून गुळगुळीत झालंय. या गाडीला ‘बिनस्वाराची’ म्हणू? की ‘रिकामी’?

कोल्हापूर

शब्द आहे, ताई. ‘कोतल’. मिरवणुकीत शृंगारून, हाताने लगाम धरून चालवत नेलेला स्वार नसलेला घोडा तो कोतल घोडा. पण खरं सांगतो, कोतल हा थाटाचा शब्द आहे, सरदाराच्या वैभवाचा. दु:खाचा नाही.

लोणंद

आमचं घर वारीच्या वाटेवरचं. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीपुढे दोन अश्व असतात, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माउलींचा. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं तेव्हा तो दोन्ही बाजूंच्या माणसांमधून सुटतो आणि तो गेला की बाया-माणसं टापांखालची माती कपाळाला लावतात. तिथे लहान पोरसुद्धा ‘रिकामा घोडा’ म्हणत नाही. म्हटलं तर आजी तोंडावर हात ठेवते.

कुणाची माउलींशी बरोबरी करत नाही, शब्दापुरतंच बोलते. ज्याचा घोडा, त्याच्या नावाने म्हणावं. ‘माउलींचा अश्व’, तशी ‘अमक्याची गाडी’. बिन, रिकामी, मोकळी यातलं काही लावूच नका.

नाशिक

लोणंदच्या ताईंचं वाचून मोटोजीपी शर्यतीतला इटालियन रायडर मार्को सिमोन्चेली आठवला. २३ ऑक्टोबर २०११, मलेशियातलं सेपांग, दुसऱ्याच फेरीत गेला. २४ वर्षांचा, नंबर ५८. पुढची शर्यत वॅलेन्सियाला होती. त्याची गाडी टेम्पोत ठेवली नाही. जुना जगज्जेता केव्हिन श्वान्ट्झ तिच्यावर बसला आणि मागे सगळ्या वर्गांचे रायडर एक फेरी मारून आले. मग मौन पाळायच्या जागी, वडिलांच्या इच्छेप्रमाणे, मिनिटभर आवाज केला. सगळ्या गाड्या एकदम रेस केल्या, फटाके उडवले. यालाही शब्द हवा. ‘दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून’ हे आपल्याला पाठ आहे. आवाजाने दिलेल्या आदराला काय म्हणायचं?

सातारा

‘सलामी’. तोफांची असते, बंदुकीच्या फैरींची असते. गाड्यांची का नसावी? पण ताई, त्या दिवशी आईला आधी विचारा. त्या बापाने स्वत: आवाज मागितला होता. काही घरांना गाडीचा आवाज वर्षभर सोसत नाही.

विचारणा (पुणे)

विचारलं. काल संध्याकाळीच त्यांच्याकडे जाऊन आले.

आवाज नको म्हणाल्या. गाड्या नेहमीसारख्या चालू करा आणि नेहमीसारख्या निघा. फळ्याचं विचारलं तर म्हणाल्या, ‘गेला’ लिही. मी म्हटलं, काकू, साधं वाटेल. त्यांनी सांगितलं, तो निघताना ‘जातो’ म्हणाला की मी दर वेळी दारातून ओरडायचे, ‘येतो म्हण’. हेल्मेटच्या आतून ‘येतो’ म्हणायचा, नीट ऐकूही यायचं नाही. ‘जातो’ हे मी त्याला कधी म्हणू दिलं नाही, म्हणून आता ते मलाच म्हणावं लागतंय. दुसरा कुठला शब्द लिहिलास तर तो माझ्या मुलाबद्दल आहे असं मला वाटणार नाही.

मी मान हलवली. बोलता आलं नाही.

पावलोची ओळही मग त्याच शब्दाने केली. त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट फळ्यावर हवी होती. २०१६ च्या डाकरमध्ये माथियास वॉल्कनर हा दुसरा रायडर मांडीचं हाड मोडून पडला होता, तेव्हा पावलो स्वत:ची शर्यत सोडून त्याच्यापाशी थांबला. चार वर्षांनी, पावलो गेला त्या दिवशी, टोबी प्राइस हा रायडर पावलोपाशी तासाहून जास्त थांबून राहिला. दुसऱ्या दिवशीचा आठवा टप्पा मोटरसायकल आणि क्वाडसाठी रद्द झाला आणि हिरोचा संघ रॅलीतून बाहेर पडला. पावलोचा मेव्हणा जोआकिम रॉड्रिगेज त्याच संघात होता. पुढे २०२२ मध्ये त्याने हिरोसाठी डाकरचा टप्पा जिंकला. आमच्या मुलापाशी पहाटे एक दूधवाला थांबला होता, कॅन रस्त्याकडेला उतरवून. ‘थांबणारा’ असा शब्द कोशात कुणी मुद्दाम शोधणार नाही. मला तोच लिहायचा आहे.

आता फळा असा:

‘पावलो गोन्साल्विस. एस्पोझेंदे, पोर्तुगाल. दुसऱ्यासाठी थांबणारा. १२ जानेवारी २०२० रोजी आपल्या तेराव्या डाकरमध्ये गेला.’

खाली आमच्या मुलाचं नाव, गाव, आणि ‘गेला’. टेम्पोवर पाटी फक्त त्याच्या नावाची, पुढे ‘ची गाडी’.

‘तेराव्या डाकरमध्ये’ की ‘तेराव्या डाकरला’?

मडगाव

‘डाकरला’ म्हणजे तिथे जायला निघाला आणि वाटेत काही झालं असं वाटेल. तो शर्यतीच्या आत होता. ‘डाकरमध्ये’च ठेवा, ताई.