फॉल आउट बॉयचा 'फोली आ दू' पडला म्हणतात, पण रिव्ह्यू तर चांगलेच दिसून राहिले?

रेशीमबाग_रिफ
राम राम मंडळी. आमचा चौघांचा बँड आहे, गॅदरिंगपुरता म्हणा, आणि मधून मधून आम्ही एखादा जुना अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐकतो न मग शंकरनगरला टपरीवर त्याच्यावर भांडतो. ह्यावेळी फॉल आउट बॉय ह्या अमेरिकन रॉक बँडचा 'फोली आ दू' घेतला, डिसेंबर २००८ वाला. आता जिथे पाहा तिथे लिहून ठेवलंय की हा अल्बम पडला, ह्याच्यापायी बँड फुटला. पण त्यावेळचे रिव्ह्यू शोधून वाचले तर बहुतेकांनी चांगलंच लिहिलंय बे. गायक पॅट्रिक स्टंपच्या आवाजाची तारीफ, चाली मोठ्या झाल्या, पोरं पॉप-पंकच्या (पंकचा वेग न पॉपची सोपी चाल) चौकटीतून बाहेर निघाली वगैरे. कोणी कोणी 'फार ठासून भरलंय' असं म्हटलं, पण अल्बम धुतला असं काही दिसत नाही. मग पडला तो नक्की कुठे? आणि गॅदरिंगला ह्यातलं एखादं वाजवावं का? आमचा ड्रमर म्हणून राहिला, पब्लिक मारेल.

जुनी_कॅसेट
रिव्ह्यूत नाही रे भाऊ, स्टेजवर पडला. २००९ च्या टूरमध्ये ह्या अल्बमचं गाणं सुरू झालं की खालून बू-बू सुरू. तिकीट काढून आलेलं स्वतःचंच पब्लिक बरं का, कोणी बाहेरचं नाही. स्टंपनेच पुढे सांगितलंय की आपण सडकी भाजी फेकून मारायला उभे केलेले लोक आहोत असं वाटायचं.
थोडं मागचं सांगतो, नाहीतर हे कळत नाही. ही शिकागोच्या उपनगरातली पोरं, बॅकग्राउंड हार्डकोर सीनचं (पंकचाच आणखी कडक प्रकार), ड्रमर अँडी हर्ली तर पक्का तिकडचा. २००३ चा अल्बम म्हणजे सरळ वेगात वाजवलेलं, गळा काढून म्हटलेलं पॉप-पंक. २००५ च्या अल्बमने एमटीव्हीवर पोचले. २००७ वाला तर बिलबोर्डच्या अमेरिकन अल्बम-यादीत थेट पहिल्या नंबरावर, आणि त्याची सुरुवात रॅपर जे-झीच्या आवाजाने होते, दोन गाणी आर अँड बीवाल्या बेबीफेसने प्रोड्यूस केलेली. म्हणजे २००८ मध्ये अचानक काही बिघडलं नव्हतं, गाडी आधीच वळली होती. पण २००३ चंच गाणं डोक्यात घेऊन बसलेल्या फॅनला ते वळण दिसलंच नाही. 'फोली'त पाहुणे गायक म्हणून एल्विस कॉस्टेलो, डेबी हॅरी, रॅपर लिल वेन, एका गाण्यावर फॅरेलचं प्रॉडक्शन, वरून स्ट्रिंग्ज, ऑर्गन... त्याला वाटलं आपल्याला फसवलं.
मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो, रात्री व्हीएचवन लावून बसायचो, केबलवाल्याने बंद नाही केलं तर. मला तर हाच अल्बम सगळ्यात आवडला. पण सांगणार कोणाला, इकडे ऐकणारे होते किती!

सावजी_सेमीटोन
मी उलट्या बाजूने बोलतो. समीक्षकांनी चांगलं लिहिलं म्हणजे अल्बम चांगला हे कोणी सांगितलं? मी हेडफोन लावून नीट ऐकलाय. गिटारिस्ट जो ट्रोमनच्या गिटार कुठे गेल्या सांगा. कोरसमध्ये आवाजावर आवाज, त्याच्यावर कीबोर्ड, त्याच्यावर टाळ्या, आणि गिटार मागे कुठेतरी कुजबुजून राहिली. प्रोड्यूसर नील अॅव्हरॉन, तोच २००५ वाला, म्हणजे माणसाला गिटार ऐकू येत नाही असं तर नाही, मुद्दाम केलंय. पॉप-पंकमधून पंक काढलं तर उरते काय ते तुम्हीच सांगा. बू करणं वाईटच, पण नाराज होणाऱ्या फॅनला लगेच भैताड ठरवू नका. त्याचे कान ठीक होते.
अवांतर: पहिल्या सिंगलची (अल्बममधून सुटं काढलेलं गाणं) रिफ मात्र जबरी आहे, जुन्या ब्लूज-रॉकच्या चालीची. तिथे तुमच्या ड्रमरला स्विंग (झुलता ठेका) जमला पाहिजे, सरळ ठोकली तर बँडबाजा वाटेल.

रेशीमबाग_रिफ
@सावजी, ड्रमरला वाचून दाखवलं, तो रागावून बसलाय.
पण विक्रीचं काय? आठव्या नंबरावर आला म्हणतात, आधीचा पहिल्यावर होता. म्हणजे पडलाच न?

धंतोली_डेसिबल
इथेच सगळे फसतात. नंबर नको पाहू, आकडा पाहा. २००७ वाला पहिल्या आठवड्यात अंदाजे २,६०,००० विकला गेला. 'फोली' १,५०,०००. घसरण आहेच, नाही कोण म्हणतं. पण आता गंमत पाहा. बँड परत आला २०१३ मध्ये, तो अल्बम पहिल्या आठवड्यात १,५४,००० च्या आसपास गेला न थेट पहिल्या नंबरावर, सगळीकडे 'दणक्यात पुनरागमन'. चार हजारांचा फरक फक्त! एक आठवा आला म्हणून फ्लॉप आणि एक पहिला आला म्हणून हिट. कारण 'फोली' आला ख्रिसमसच्या तोंडावर, तेव्हा तिकडे सगळे मोठे लोक अल्बम काढतात न लोक गिफ्ट म्हणून सीडी उचलतात, दीड लाखात आठवाच नंबर मिळतो. २०१३ पर्यंत सीडीचा धंदाच बसला होता, तेवढ्याच विक्रीत पहिला मिळून गेला.
त्यात पुन्हा हा अल्बम आधी ४ नोव्हेंबर २००८ ला यायचा होता, म्हणजे अमेरिकेच्या निवडणुकीच्या दिवशी, ओबामा निवडून आले तोच दिवस. मग पुढे ढकलला डिसेंबरात, त्या गर्दीत.
सिंगल मात्र खरंच कमी चालला, 'हॉट १००' ह्या अमेरिकन गाण्यांच्या यादीत २१ पर्यंत. २००७ वालं गाणं दोन नंबरवर गेलं होतं. म्हणजे रेडिओने साथ सोडली असं म्हण पाहिजे तर. रिव्ह्यूचा ह्यात काही रोल नाही.

इमो_काकू
सगळे गिटार न आकडे करून राहिले, एक गोष्ट कोणीच बोललं नाही. त्यावेळी बँडचा बेसिस्ट पीट वेंट्झ हा माणूस गाण्यापेक्षा गॉसिपमध्ये जास्त होता. मे २००८ ला गायिका अॅशली सिम्प्सनशी लग्न, नोव्हेंबरात मुलगा, आणि फोटोवाले मागे. मी तेव्हा अकरावीत होते, काजळ फासून ट्यूशनला जायचे न आई ओरडायची, आणि वर्गातली पोरं म्हणायची हा काय बँड आहे, हा तर पोरींचा बँड. हेच मला त्या सगळ्या चर्चेत दिसतं. पोरींना आवडतं म्हणजे हलकं, हा हिशोब भल्याभल्यांच्या डोक्यात असतो. कौतुक करणारेही कसे करायचे, 'आश्चर्य म्हणजे चांगला आहे' ह्या थाटात! आश्चर्य कशाचं रे बाबा? स्टंप तेव्हाही असाच गायचा, सोलवाल्या गायकासारखा, फक्त वेग जास्त होता म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.
आणि 'व्हॉट अ कॅच, डॉनी' ऐकलं का नीट? शेवटी बँडचे दोस्त एकेक करून ह्यांच्याच जुन्या गाण्यांच्या ओळी म्हणतात, त्यात कॉस्टेलोसुद्धा. निरोप घेऊन राहिले असंच वाटतं. ऑक्टोबर २००९ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्लिंक-१८२ ह्या बँडच्या आधी वाजवलं, तिथे त्यांच्या मार्क हॉपसने स्टेजवर पीटचं डोकं भादरलं, आणि त्याच्यानंतर सुट्टी. फुटला वगैरे काही नाही, थकले होते बिचारे.

बापूंचा_तंबोरा
मुलगा हा अल्बम मोठ्याने लावतो म्हणून मलाही दोन-चार गाणी कानावरून गेलेली आहेत. तुमचा वाद वाचून मजा वाटली, कारण हा वाद आपल्या गावाला नवीन नाही. वसंतराव देशपांडे आपल्या नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, पुढे लाहोरला असद अली खांसाहेबांकडे, आणखी बऱ्याच जणांकडून घेतलं, आणि मग घराणेवाल्यांना कळेना की ह्या माणसाला ठेवायचं कोणत्या खणात. बरीच वर्षं 'हे काय गाणं आहे' असंच चाललं. आज सिव्हिल लाइन्सला त्यांच्या नावाचं सभागृह आहे आणि तिथे मान डोलावणाऱ्यांत त्याच घराणेवाल्यांची नातवंडं असतात. लोकांना गाणं नको असतं असं नाही हो, ओळखीचं गाणं हवं असतं.

सावजी_सेमीटोन
काका, कुठे वसंतराव आणि कुठे हे! नमस्कार करतो पण ही तुलना मला पचली नाही. वसंतराव कोणत्याही खणात ठेवा, आवाज समोरच असायचा, तीन थर चादरीखाली नाही.

जुनी_कॅसेट
@सावजी, तुझ्यावाली तक्रार एका बाबतीत बरोबर धरू, पण मग हे सांग की २०२३ चा अल्बम करताना बँडने परत नील अॅव्हरॉनलाच का बोलावलं? मधल्या काळात चार्टवर चाललेले अल्बम दुसऱ्यांकडून केले, स्टेडियम भरले, आणि मग मनासारखं करायची वेळ आली तेव्हा 'फोली'वाल्याकडेच गेले. त्या टूरमध्ये रोज एखादं सहसा न वाजवलेलं जुनं गाणं काढायचे, मॅजिक एट बॉलचा (हलवला की उत्तर देणारा खेळण्यातला चेंडू) खेळ करून. पब्लिक त्याच्यासाठी वेडं झालं होतं. हेच पब्लिक, किंवा ह्याचे धाकटे भाऊ म्हणा. २००९ ला पंधरा वर्षांचे होते ते आता तीस-बत्तिशीचे झाले न त्यांना कळलं की हे गाणं पंधराव्या वर्षासाठी नव्हतंच.
मधल्या काळात स्टंपने २०११ ला सोलो अल्बम काढला, त्यालाही लोकांनी काय काय ऐकवलं, पार त्याच्या वजनावरून. फेब्रुवारी २०१२ ला त्याने त्याच्यावर एक लांब पोस्ट लिहिली, वाचवत नाही अशी. तारीफ करणारे रिव्ह्यू घरी ठेवून माणूस स्टेजवर जातो, तिथे समोर बू करणारा असतो, त्याला कोणता रिव्ह्यू दाखवणार?

धंतोली_डेसिबल
+१. आणि ट्रोमन-हर्ली तेव्हा मेटल बँड अँथ्रॅक्सच्या स्कॉट इयनसोबत द डॅम्ड थिंग्ज हा वेगळा बँड करून राहिले होते, २०१० चा अल्बम आहे. ज्याला गिटार ऐकायची तहान आहे त्याने तो ऐकावा. सावजी, तुझ्यासाठीच सांगून राहिलो.

रेशीमबाग_रिफ
मंडळी एकच नंबर. म्हणजे समीक्षकांनी नाही पाडला, फॅन लोकांनी पाडला न त्यांनीच मग उचलला. हे आमच्या भांडणात मी वापरणार, टपरीवर चहा माझ्याकडून नाही मात्र.
आता गॅदरिंगचं ठरलं असं की पहिला सिंगलच वाजवायचा, स्विंगची प्रॅक्टिस सुरू. आमच्याकडे पब्लिक दुसऱ्या मिनिटाला 'हिंदी लाव बे' ओरडते, त्याचं काय करायचं ते सांगा.

इमो_काकू
ओरडू दे न. दोन हिंदी सुरुवातीला वाजवा, मग मधे घुसवा, आणि कोरसमध्ये माइक पुढच्या रांगेतल्या पोरींकडे फिरवा. त्या म्हणतील.

सावजी_सेमीटोन
आणि गिटारचा आवाज वाढव, साउंडवाल्याला आधी चहा पाजून ठेव. तो नाही ऐकला तर तुमचाही 'फोली' होईल.